जित्या डोळ्यांचा फोटू

आमच्या घरात बसायचं काम अप्पाचं आन् उठायचं काम अव्वाचं. अप्पा म्हणजे माझे सासरे रुद्रप्पा, अव्वा म्हणजे सासू महानंदा. मी दानेश्वरी, ह्या घरची सून. लग्न होऊन आले तवापासून हे असंच बगितलं. दुधनीपासून आत, कर्नाटकाच्या शिवेला लागून आमचं गाव. घरात कानडी, बाजारात मराठी आन् भांडणाला दोन्ही. सोप्यात दाराशी अप्पाची बाज. कुणी पावणा आला आन् महानंदक्का कुटं म्हणून इचारलं, की अप्पा माळेचा मणी वडत म्हणायचे, "आत्ता हितंच हुती की. जरा उठलीया. यील." पावणा च्या पिऊन जायचा, पण त्याला अव्वा काय बसलेली गावायची न्हाय. च्याचा कप देणारा हात तेवढा चौकटीतनं दिसायचा.

सोप्याच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटू हायत. बाप्यांचे जितेपणीचे हायत, एक फेटा बांधलेला, एक जत्रेत रंगीत पडद्यापुढं उभा राहिलेला. बाईमाणसाचा एकच, अव्वाच्या सासूचा, सुंदरम्माचा. आमच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत न्हाईत. आंघोळ घालून, कपाळाला इभूत फासून, हातात लिंग देऊन भिंतीला टेकून बसवत्यात, आन् बसलेलंच मातीत देत्यात. बसवलं की फोटू काढून घ्यायची रीत हाय. सुंदरम्मानं जन्मात कधी फोटू काढला न्हवता, म्हणून तिचा तो बसवलेलाच चौकटीत लागला. डोळे मिटलेले, नाकात कापूस, हनुवटी वर धरायला बांधलेली पट्टी. माझी लेक सोनम धाकटी असताना त्या फोटूखालनं जायाला रडायची.

दिवाळीला भिंती सारवायला काढल्या तवा अव्वा स्टुलावर चढून सुंदरम्माची काच पुसायली हुती. माझी नणंद शिवलीला माहेरला आलेली. तिला अव्वा शिवी म्हणायची, मी अक्का म्हणते. ती सोलापुरात, जुळे सोलापूर भागात फ्लॅटात ऱ्हाती आन् शाळेत विज्ञान शिकवती. काच पुसता पुसता अव्वा म्हणली, "शिवी, माझा असला लावू नका गं. लेकरं भ्येत्यात. माझा जित्या डोळ्यांचा लावा."

अक्का हसली. म्हणली, काय अव्वा, सणासुदीचं काय बोलतीस. पण तिच्या मनात ते रुतलं असणार, कारण म्होरचं समदं तितनंच निघालं.

तुमी म्हणाल, आता घरोघर फोन हायत, एक फोटू काढायला काय लागतंय. मलाबी तेच वाटायचं. पण आमच्या गल्लीतल्या सोमलिंगानं एकदा अव्वा बैलाला शिव्या द्यायली असताना व्हिडिओ काढला आन् गावाच्या ग्रुपवर टाकला. बैलाच्या आज्यापणज्यापर्यंत गेली हुती ती त्या दिवशी. अख्खं गाव हसलं, अव्वा काय हसली न्हाय. तवापासून फोन दिसला की ती पाठ फिरवायची. माझ्या फोनात अव्वाचे फोटू लई हायत, समदे पाठीचे. बुचडा बगून माणूस वळखायचं असंल तर लावा भिंतीला.

त्या साली पावसानं आमाला पुरतं झोपवलं. भाद्रपदात ओढा रानात शिरला, उडीद उभ्या जागी कुजला, खालच्या अंगाची तूर पिवळी पडून गेली. वरच्या पट्टीतली तेवढी राहिली. ती कापून गंज लावली, पण रानाकडं जायाची वाटच ओढ्यानं खाल्ली हुती. मळणीचं मशीन काय आत येईना. मशीनवाला बांधावर उभा राहून बगून गेला आन् म्हणला, वाट करा, मंग बोलवा. वाट कोण करणार? आमचे मालक सिद्धेश्वर पीक गेलं म्हणून दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागलेले, तांबडं फुटायच्या आत दुधनीला जायचे. अप्पाची कंबर गाडीवरनं पडल्यापासून कामातनं गेलेली. खरं सांगायचं तर कंबर धड हुती तवाबी अप्पा पंच म्हणून पारावर बसायचे, आता घरी बसायला लागले एवढाच फरक. राहिलो मी आन् अव्वा. ताडपत्री पसरायची, पेंड्या सोडायच्या, आन् काठीनं बडवायच्या. काठी उचलली की खांद्यातनं कळ निघायची, टाकली की तळहाताचा फोड फुटायचा. तुरीच्या काड्यांचा भुसकाट अंगाला असा खायचा की रातीला कुशीवर झोपता यायचं न्हाय. अव्वा माझ्यापेक्षा दुप्पट बडवायची आन् मधीच पाणी आणायची, शेळ्या हाकलायची, उपणायला वारं कसलं हाय ते बगायची. मी दमून बसले की माझ्याकडं बगायची न्हाय, म्हणजे मला लाज वाटू न्हाय म्हणून. तसली सासू हुती ती.

आन् ह्याच कामाच्या रगाड्यात अक्का डबा घिऊन आली.

डबा अव्वाचाच हुता. दर खेपेला त्यातनं शेंगाचटणी भरून सोलापूरला जायची. अक्कानं त्याला आतनं काळा रंग दिलेला. बाजूला बोटाएवढी खिडकी कापली हुती आन् तिच्यावर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा ठोकून, घासून पातळ करून चिकटवलेला. त्या पत्र्याला सुईच्या टोकानं एक भोक. भोकावर काळी चिकटपट्टी, तीच त्याची कवाड. काच न्हाय, बटण न्हाय, काय न्हाय. शाळेच्या ट्रेनिंगमधी शिकून आली हुती. तिनं आमाला समजावलं, की आत समोरच्या बाजूला फोटूचा कागद लावायचा, पट्टी काढली की भोकातनं उजेड आत जातो आन् म्होरचं चित्र कागदावर उलटं पडतं. पण भोक बारीक, म्हणून वेळ लागतो. पट्टी निघाल्यापासून परत लागूपर्यंत माणसानं हालायचं न्हाय.

"उलटं पडतंय, तर मी डोक्यावर हुबी राहू का?" अव्वा म्हणली.

मला वाटलं, ही आता डबा हिसकून घिऊन परत चटणी भरती. पण अव्वानं डबा हातात घेतला, फिरवून बगितला, नाकाला लावला. धुऊन, रंगवूनबी लसणाचा वास गेला न्हवता. मंग म्हणली, ह्याला काय लाजायचं, ह्याला मी राखंनं घासलाय.

अक्काचा चेहरा असा फुलला म्हणता. मी तवाच म्हणलं, अक्का, अव्वा आज राजी हाय, फोनात बी एक घिऊन ठेवू का? अक्का म्हणली, "फोनात समदेच काढत्यात, दानेश्वरी. अव्वाचा मी हातानं करणार."

आता हातानं करायचं म्हणजे कौतुकच की. नणंदबाईनं माहेरला येऊन आईसाठी काय तरी हातानं करायचं म्हणलं तर सुनेनं मधी तोंड घालायचं न्हाय, हे मला आईनं शिकवलेलं. मी फोन कमरंला खोचला. अव्वा बी म्हणली, तिचा डबा बगू बाई, पोरीनं हौसंनं आणलाय.

अव्वा काय खळं सोडून यायला तयार न्हवती, म्हणून डबा खळ्यावर गेला. बांधावरच्या लिंबाखाली दगडांवर ठेवला. अव्वा ताडपत्रीच्या कडंला उकिडवी बसली. वेळ मोजायला अक्काकडं घड्याळ हुतं, पण अप्पा म्हणले, मी मोजतो की. त्यांना बैलगाडीत घालून ओढ्यातनं आणलं हुतं, बाजेसकट; मशीन अडतं तितनं गाडी निघती. एक माळ पुरी होईस्तवर पट्टी उघडी ठेवायची असं ठरलं. अक्कानं पट्टी काढली आन् म्हणली, "अव्वा, सुम्म कुंद्रु." आमच्या कानडीत त्याचा अर्थ, गप बस. अप्पा ओठ हलवत मणी ओढायले. आमच्या घरात अप्पा माळ ओढायले आन् अव्वा बसलीया, असं मी पयल्यांदा बगितलं.

धान्याच्या खोलीची खिडकी पोत्यांनी बुजवून अक्कानं अंधार केला आन् देवघरातला लाल दिवा आत लावला. ताटात कसलं तरी औषध ओतलेलं, शिरक्यासारखा वास. कागद आत बुडवला आन् तो बगता बगता समदा काळा पडला. कोळसा. झाकणाच्या फटीतनं उजेड शिरला हुता म्हणं. अव्वा म्हणली, मी काळी हाय हे मला ठावं हाय, त्याला एवढा उटारेटा कशाला?

दुसऱ्या खेपेला अक्कानं झाकणाला काळं कापड गुंडाळलं. ह्या टायमाला चित्र आलं. आधी सगळं उलट्या रंगाचं, आभाळ काळं, लिंब पांढरा. अव्वा ते बगून मागं सरली, म्हणली, भुतासारखं केलंस गं मला. मंग अक्कानं तो कागद दुसऱ्या कागदावर ठेवून, वर काच दाबून, उजेड दाखवून सुलटा केला. बुट्टी आली, सूप आलं, काठी आली, अव्वाचं लुगडं, हात, बांगड्या समदं आलं. तोंड आलं, पण तोंडावर डोळे न्हवते. मळलेल्या पिठाच्या गोळ्यागत नुसतं गुळगुळीत. सारखी पापणी लवली, शेळ्यांकडं मान फिरली, मधी माझ्याशी बोलली बी हुती. डब्याला ते समदं दिसलं आन् त्यानं ते समदं पुसलं.

मला तो फोटू आवडला हुता. हात तर असे आले हुते की बोटांची पेरं मोजावीत. पण अक्का म्हणली, डोळेच न्हाईत तर काय उपेग, आन् तिनं तो चुरगाळून चुलीत घातला. मी बगत राहिले. आज त्यातला एक हात जरी असता.

तिसऱ्या खेपेला अक्कानं कंबर कसली. घरनं लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यावर सोलापुरी चादर घातली, म्हणजे पाठीला टेका मिळंल आन् मान हालणार न्हाय. अव्वाला इरकल नेसवली. कपाळाला कुकवाच्या वर इभुतीची तीन बोटं. खुर्चीवर बसायला अव्वा तयार होईना. अप्पा म्होरं बाजेवर बसलेले, त्यांच्यासमोर खुर्चीत कसं बसायचं? जन्मात बसली न्हवती. शेवटी अप्पाच म्हणले, "कुंद्रु, महानंदा." कसलं तरी गुपित बोलावं तसं हळू म्हणले. अव्वा बसली, पण खुर्चीच्या कडेला, आता उठायचंय अशी. अक्कानं दोन्ही खांद्याला धरून तिला मागं सरकवली. म्हणली, भोकाकडं बग, पापणी लववू नको, काय बी झालं तरी उठू नको. अव्वानं मान हलवली. मी शेळ्या धरून लांब उभी राहिले. बैलाच्या गळ्यातली घुंगरं सुदीक सोडून ठेवली हुती, त्यांच्या आवाजाला ती बगती म्हणून.

पट्टी निघाली. अप्पा मणी ओढायले. थंडीचं ऊन, वारं पडलेलं, आन् अव्वा अशी बसलेली की मला वळखूच येईना. तिचे डोळे एवढे मोठे हायत हे मी तवा बगितलं. कधी तोंडाकडं निवांत बगायला मिळालंच न्हवतं. माळ निम्म्यावर आली असंल आन् बांधावरनं मठाचे अय्या आले.

अय्या म्हणजे आमचे स्वामी. खळं लागलं की ते झोळी घिऊन रानोरान फिरत्यात, रास झाकायच्या आत त्यांची भिक्षा निघाली पायजे, ही रीत. असा जंगम, मठाचा स्वामी, दारात आला, खळ्यावर आला, आन् आमच्यातली बाई बसून राहिली, असं कधी झालं न्हाय, होणार न्हाय. अक्कानं बगितलं, मी बगितलं, अप्पानं बगितलं. अक्का कुजबुजली, अव्वा, नको. पण अव्वा उठली हुती. चादर नीट केली, तुरीची सूपभर रास भरली, अय्याच्या झोळीत घातली, पायावर डोकं ठेवलं. अय्या शरणु म्हणले, पोराबाळांची चौकशी केली, ह्या साली सगळ्यांचीच झोळी हलकी हाय म्हणले. त्यांना काय ठावं डब्याचं? ते गेल्यावर अव्वा परत येऊन खुर्चीत बसली, शहाण्या पोरीगत, डोळे मोठे करून. अप्पा मात्र माळ ओढायची थांबले हुते. अक्कानं पट्टी लावली.

त्या खेपेचा फोटू लई साफ आला. लिंबाची पानं, तुरीची गंज, सूप, अव्वाच्या चपला. खुर्ची तर अशी की चादरीची नक्षी मोजून घ्यावी. आन् खुर्चीत धूर. पदराएवढा धूर खुर्चीतनं उठून रासेकडं गेलेला, तितं जरा दाट झालेला, आन् मंग कायच न्हाय. अव्वानं फोटू उजेडात धरला. म्हणली, खुर्ची झकास आलीया. मंग म्हणली, मी कुटं हाय?

अक्काला रडू आलं. अव्वानंच तिला जवळ घेतलं. म्हणली, पुढच्या खेपेला अय्याला आधी सांगून ठेवू. अक्काकडं फोटूचा एकच कागद उरला हुता. सोलापुरात कुण्या बंद पडलेल्या स्टुडिओतनं आणलेले, आता मिळत न्हाईत म्हणली. पुढच्या रविवारी येते, एकच काढू, पण धड काढू. मी परत म्हणलं, तोवर फोनात एक असू दे की. ह्या टायमाला माझ्या बोलण्यात जरा तिखट हुतं, ते तिला लागलं. ती म्हणली, तुला माझ्या डब्यावर भरवसा न्हाय व्हय? मी म्हणलं, डब्यावर हाय, रविवारावर न्हाय. अव्वानं माझ्याकडं डोळे वटारले, म्हणून मी इषय सोडला.

पुढच्या रविवारी शाळेचं गॅदरिंग हुतं. त्याच्या पुढं संक्रांतीची सोलापूरची गड्ड्याची जत्रा, सासरकडचे पावणे. मंग परीक्षा. अक्काचा फोन यायचा, अव्वा, ह्या खेपेला न्हाय जमत, पुढच्याला नक्की. अव्वा म्हणायची, ये की निवांत, मी कुटं पळून चाललीया? आन् फोन ठेवला की इरकल सोडायची. व्हय, ती दर रविवारी सकाळी इरकल नेसायची. अक्का येणार न्हाय हे ठावं असलं तरी नेसायची, कोण जाणे अचानक आली तर. मंग ऊन वर चढलं की घडी घालून ट्रंकेत ठेवायची, फाटकं नेसायची आन् काठी घ्यायची. खुर्ची लिंबाखालीच हुती. मी एकदा दमून तिच्यात बसले तर अव्वा म्हणली, बस बस, पण चादर मळवू नको.

तूर बडवून झाली, रास घरला आली. उरलेलं भुसकाट जनावरांना आणायचं म्हणून अव्वा सकाळची रानात गेली हुती. मी भाकरी घिऊन गेले तर ती लिंबाच्या बुडाला आडवी. डोक्यावरचा भारा तसाच बाजूला. खुर्ची हाताच्या अंतरावर. मला आजबी तेच खातंय, की छातीत कळ आली असंल तर बया त्या खुर्चीत बसली का न्हाय? जरा टेकली असती. चादर मळंल म्हणून बसली न्हाय, दुसरं काय. डॉक्टर म्हणले, जागच्या जागी गेली, त्रास झाला न्हाय. डॉक्टरला काय सांगायला जातंय.

सोप्यात सुंदरम्माच्या फोटूखालीच तिला बसवलं. बसवायला जागाच तेवढी. इरकल मीच नेसवली. आंघोळ घालताना बगितलं, खांद्यावर काठीचा घट्टा, तळहाताला भुसकाटाच्या चिरा, अजून ओल्या. कपाळाला इभूत लावली, हातात लिंग ठेवलं, पाठीमागं उशी देऊन कापडानं भिंतीच्या खुंटीला बांधलं. बायका भजन म्हणायल्या. अक्का दुपारी पोचली. तिनं दारातनंच अव्वाला बगितलं आन् तितंच खाली बसली.

मंग अय्या आले. सोप्यातली माणसं एकदम उठली, बायका उठल्या, अप्पा सुदीक काठी धरून बाजेवरनं उठले. अय्यांनी अव्वाच्या डोक्याला पाय लावायचा असतो, त्याशिवाय पुढचं होत न्हाय. एवढ्या माणसांत एकटी अव्वा तेवढी बसून हुती. अय्या आले आन् ती उठली न्हाय. मला तवर रडू आलं न्हवतं, पण ते बगितलं आन् मी ऊर बडवून रडले.

सोमलिंग फोन घिऊन पुढं आला. रीत हाय, त्याचं काय चुकलं न्हाय. त्यानं इकडनं तिकडनं फोटू काढले. तेवढ्यात अक्कानं पिशवीतनं डबा काढला आन् माणसांमधनं वाट करत अव्वाच्या म्होरं आली. डबा पाटावर ठेवला, खाली एक पुस्तक सारलं, अव्वाच्या तोंडाच्या सरळ रेषेत केला. बायकांचं भजन थांबलं. कुणाला कळंना, डबा कसला, पूजेचा हाय का काय. मला कळलं. तो शेवटचा कागद त्यात हुता.

मला असा राग आला म्हणता. वाटलं, तिच्या हातातनं डबा घिऊन उकिरड्यावर भिरकावावा. आता बसलीया म्हणून आणलास व्हय? अक्कानं चिकटपट्टीला नख लावलं. पट्टी निघंना. तोंडानं पुटपुटायली, आता हालणार न्हाय, आता बरोबर यील.

"शिवी," अप्पा म्हणले. बाजेजवळ काठीवर वाकून उभे हुते. "ती काय म्हणली हुती?"

अक्कानं वर बगितलं. अव्वाकडं न्हाय, भिंतीवर, सुंदरम्माकडं. पट्टीचं टोक निघालं हुतं ते तिनं अंगठ्यानं परत दाबून बसवलं, लई वेळ दाबत राहिली. मंग डबा पोटाशी धरून अव्वाच्या पायाशी बसली आन् लेकरागत म्हणायली, अव्वा, मी येणार हुते गं, मी ह्या रविवारी खरंच येणार हुते. माझा राग कुटं गेला कळलं न्हाय. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

अव्वाला आमच्याच रानात दिलं, वरच्या पट्टीत, लिंबाच्या अलीकडं. खड्ड्यात बसवलं, मीठ घातलं, बेल घातला. अप्पाला खाली उतरता येईना. त्यांनी वरनंच माती टाकली आन् हळू म्हणले, "सुम्म कुंद्रु, महानंदा." आता तिला उठवणारं कुणी न्हवतं.

शिवगणाराधनेच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं पंगत घालायच्या दिवशी, सोमलिंग त्यानं काढलेला फोटू मोठा करून, चौकटीत घालून घिऊन आला. चांगल्या मनानं आणला, हारबी आणला. डोळे मिटलेले, पट्टी बांधलेली, सुंदरम्माच्या शेजारी शोभंल असा. अप्पांनी चौकट हातात घेतली, सोमलिंगाच्या पाठीवरनं हात फिरवला आन् चौकट धान्याच्या खोलीत नेऊन ठेवायला मला दिली. अक्कानं पिशवीतनं तिसऱ्या खेपेचा फोटू काढला. तिनं सोलापुरातनं त्याला काच घालून आणली हुती, पण दाखवायची हिंमत होत न्हवती. अप्पा म्हणले, हाच लाव. मालकांनी सुंदरम्माच्या बाजूला खिळा ठोकला. पंगतीला आलेली माणसं येता जाता बगायली आन् एकमेकांकडं बगायली. घरातल्या मालकिणीच्या जागी ही खुर्ची कसली, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं, पण इचारायचं धाडस कुणाला होईना.

डबा आता चुलीजवळच्या फळीवर हाय. अक्कानं तो उघडला न्हाय, मीबी न्हाय. कागद आत तसाच हाय म्हणं, अंधारात हाय तोवर खराब होत न्हाय. अक्का आता दर रविवारी येती. आली की अप्पाचे, माझे, मालकांचे, सोनमचे फोनात फोटू काढती, नको नको म्हणलं तरी काढती, आन् सोमवारी कागदावर छापून धाडती. ट्रंक भरलीया आमची त्यानं. माझं एकदा बोलायचं ते बोलून झालंय.

परवा वैरागाकडचे अप्पाचे लांबचे भाऊबंद आले. त्यांना कळलंच न्हवतं अव्वाचं. बाजेशेजारी बसले, पाणी पिले, इकडचं तिकडचं बोलले. मंग भिंतीकडं बगून म्हाताऱ्यानं इचारलं, रुद्रप्पा, ही रिकामी खुर्ची कशाला लावलीया भिंतीला? मी च्याचे कप घिऊन चौकटीत उभी हुते. मला वाटलं आता अप्पाला सांगायला लागणार, आन् ते मोडणार.

अप्पांनी मान न वळवता माळेचा एक मणी ओढला.

"महानंदाचा फोटू हाय त्यो," अप्पा म्हणले. "जरा उठलीया."

पुढचं "यील" ते म्हणले न्हाईत. म्हातारा वाट बगत राहिला, मी बी राहिले. मंग मी कप खाली ठेवले.